समांगी की विषमांगी? आधी चमचा किती मोठा ते ठरवा

या वेळच्या टपालात मिश्रणांवरचे प्रश्न बरेच आले. शाळेतले, स्वयंपाकघरातले, द्राक्षबागेतलेसुद्धा. वाचताना जाणवलं की उदाहरणांच्या याद्या सगळ्यांना पाठ आहेत, पण कसोटी फारशी कुणी वापरत नाही. कसोटी साधी आहे. मिश्रणाच्या कोणत्याही भागातून नमुना घ्या. घटकांचं प्रमाण प्रत्येक वेळी तेच आलं आणि नमुना कितीही लहान केला तरी दोन वेगळ्या प्रावस्था, म्हणजे सीमारेषेने वेगळे राहणारे भाग, सापडल्या नाहीत, तर मिश्रण समांगी. गोंधळ होतो तो ‘कितीही लहान’ हा भाग विसरल्यामुळे.

शाळेत दूध विषमांगी म्हणून शिकवतात आणि पिशवीवर तर ‘होमोजिनाइज्ड’ छापलेलं असतं. मुलगा विचारतो, खरं कोण?
*– आठवीतल्या मुलाची आई, नाशिक*

दोघंही. दोघांचे नमुने वेगवेगळ्या मापाचे आहेत इतकंच.

दुधात तीन वेगळ्या मापांच्या गोष्टी एकत्र असतात. लॅक्टोज ही दुधातली साखर साधारण ४.७ टक्के असते आणि ती पाण्यात खरोखर विरघळलेली असते. केसीन हे प्रथिन मात्र विरघळत नाही. त्याचे ५० ते ५०० नॅनोमीटरचे पुंजके पाण्यात तरंगत असतात. तिसरी गोष्ट स्निग्धांशाचे थेंब. त्यातले बरेचसे ३ ते ४ मायक्रोमीटरचे असतात, म्हणजे केसीनच्या पुंजक्यांपेक्षा कितीतरी मोठे. ते पाण्याहून हलके असल्यामुळे हळूहळू वर येतात आणि साय धरते.

डेअरीत हे दूध साधारण १५० ते २०० बार दाबाखाली अगदी अरुंद फटीतून ढकलतात. मोठे थेंब फुटून एखाद्या मायक्रोमीटरच्या आसपास येतात. थेंबाचा व्यास चौथा हिस्सा झाला की त्याचा वर चढण्याचा वेग सोळावा हिस्सा होतो. शिवाय नव्याने तयार झालेल्या पृष्ठभागावर केसीन चिकटतं आणि थेंब जड होतात. म्हणून पिशवी दोन दिवस फ्रिजमध्ये राहिली तरी वर साईचा थर येत नाही आणि पहिला कप शेवटच्या कपासारखाच लागतो. कपाच्या मापाने पाहिलं तर डेअरीचं म्हणणं खरं आहे. पण थेंब लहान झाले, नाहीसे झाले नाहीत. दोन प्रावस्था अजून आहेतच, त्यामुळे रसायनशास्त्राच्या मापाने दूध विषमांगी.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर हे प्रत्यक्ष पाहता येतं. एक भाग दुधात नऊ भाग पाणी घाला, एक थेंब काचपट्टीवर ठेवून वर आच्छादन काच ठेवा आणि ४०० पट विवर्धनाखाली पाहा. गवळ्याकडच्या दुधात गोल थेंब लहानमोठे दिसतील, पिशवीतल्या दुधात बारीक आणि बरेचसे सारख्या आकाराचे. पाणी न घालता थेंब ठेवला तर सगळं पांढरं दिसतं, काहीच कळत नाही. केसीनचे पुंजके मात्र या सूक्ष्मदर्शकातही दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी खालच्या उत्तरातली प्रकाशाची चाचणी आहे.

परीक्षेत ‘विषमांगी, कलिल’ लिहावं. कलिल म्हणजे न विरघळलेले अतिशय बारीक कण खाली न बसता पसरून राहतात असं मिश्रण. एक बारकावा चोखंदळ मुलांसाठी: कलिलकणांची सीमा १ ते १००० नॅनोमीटर धरतात आणि स्निग्धांशाचे बरेच थेंब त्याहून मोठे असतात. तरीही द्रवात द्रव असं पायस म्हणून त्याची गणना कलिलांतच करण्याचा प्रघात आहे. निसर्गाला आपल्या सीमारेषा माहीत नसतात.

टिंडाल परिणामाचा प्रयोग करतो तेव्हा मिठाच्या पाण्यातही प्रकाशाची रेघ दिसते. मग द्रावण आणि कलिल यांतला फरक मुलांना दाखवायचा कसा?
*– विज्ञान शिक्षक, सातारा जिल्हा*

तुमचं मीठ आणि पाणी स्वच्छ नाही, प्रयोग बरोबर आहे. कलिलातल्या कणांवरून प्रकाश विखुरतो आणि किरणाची वाट बाजूने दिसते, तो टिंडाल परिणाम. खऱ्या द्रावणात ती दिसत नाही.

पुड्यातलं सुटं राहणारं मीठ गोळा होऊ नये म्हणून त्यात न विरघळणारी बारीक पूड मिसळलेली असू शकते. पाण्यात ती पांढुरकी धूसरता आणते. नळाच्या पाण्यात धूळ आणि हवेचे बुडबुडे असतात, ते वेगळेच. या सगळ्यांवरून प्रकाश विखुरतो. म्हणून पाणी उकळून झाकून थंड होऊ द्या, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाईल. मीठ विरघळवल्यावर दुहेरी गाळणकागदातून दोनदा गाळा. पहिले दहा-पंधरा मिलीलिटर फेकून द्या, कारण कागदाचे तंतू त्यात उतरतात. मिठाऐवजी मोठ्या खड्यांची खडीसाखर वापरली तर बहुधा निम्मं काम वाचतं.

भांडं सरळ बाजूंचं आणि बाहेरून कोरडं पुसलेलं हवं. बोटांचे ठसे चमकले की मुलं त्यालाच टिंडाल परिणाम म्हणतात. विजेरीपुढे काळा पुठ्ठा धरून त्याला २ ते ३ मिलीमीटरचं भोक पाडा. खोली अंधारी करा आणि काटकोनात, बाजूने पाहा. कलिलासाठी २०० मिलीलिटर पाण्यात दुधाचे दोन-तीन थेंब पुरतात. उत्साहाच्या भरात चमचाभर दूध ओतलं की सगळं भांडंच उजळतं आणि रेघ हरवते. दुसरं चांगलं कलिल स्टार्चचं. १ ग्रॅम स्टार्च थोड्या गार पाण्यात कालवून ते १०० मिलीलिटर उकळत्या पाण्यात ढवळत ओता, मिनिटभर उकळा आणि थंड करा. स्टार्च थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि कलिलाऐवजी निलंबन, म्हणजे तळाला बसणाऱ्या मोठ्या कणांचं मिश्रण, हाती येतं.

लेसर पॉइंटर वापरणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. किरण कुणाच्या डोळ्यांच्या पातळीवर नको, आणि काचेवरून परावर्तित झालेला किरणही तितकाच वाईट. मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) निळं द्रावण लाल प्रकाश शोषतं. त्यामुळे लाल लेसरने त्यात रेघ दिसली नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही, तिथे पांढरी विजेरीच हवी. शिवाय मोरचुदाचं द्रावण साध्या पाण्यात किंचित धूसर होतं, म्हणून त्यात विरल सल्फ्युरिक आम्लाचे एक-दोन थेंब घालावेत. तिसरी गोष्ट, रेघेचा रंग लेसरच्या रंगाहून वेगळा दिसला तर ते प्रकाशाचं विखुरणं नव्हे, ती प्रतिदीप्ती, म्हणजे पदार्थाने प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात परत देणं. हिरवा लेसर ऑलिव्ह तेलातून सोडला की तेलातल्या हरितद्रव्यामुळे तांबूस-नारिंगी रेघ दिसते. तेवढ्यावरून तेलाला कलिल ठरवू नका.

कलिल हा वर्ग थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये वेगळा काढला. मायकेल फॅरडे यांनी त्याआधी, १८५७ मध्ये, सोन्याच्या लालसर कलिलात प्रकाशाचा शंकू दिसतो हे नोंदवलं होतं. या परिणामाला नाव मात्र जॉन टिंडाल यांचं लागलं.

हवा समांगी की विषमांगी? एका पुस्तकात एक, दुसऱ्यात दुसरं.
*– नववीतली विद्यार्थिनी, लातूर*

धूळ, धूर, धुकं नसलेली कोरडी हवा समांगी: ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, ०.९३ टक्के अरगॉन आणि बाकी थोडं थोडं. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत कण दिसत असतील तर तुमच्या खोलीतली हवा विषमांगी. उत्तरात ‘स्वच्छ’ हा शब्द घालायला विसरू नका, गुण त्याच्यावर आहेत.

पावसाळ्यात नदीचं पाणी चौपदरी कापडातून गाळलं तरी गढूळच राहतं. गाळणकागदानेही फारसा फरक पडला नाही. तुरटीने मात्र निवळतं. असं का?
*– माध्यमिक शिक्षिका, कोल्हापूर*

गाळणं आणि निवळणं या दोन्ही गोष्टी कणांच्या मापावर चालतात. शाळेत वापरतात तो साधारण गाळणकागद सुमारे ११ मायक्रोमीटरपर्यंतचे कण अडवतो. कापड त्याहून बरंच सैल. चिकणमातीचे कण २ मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात, ते दोन्हींतून आरामात जातात.

नुसतं ठेवून दिलं तर? १०० मायक्रोमीटरचा वाळूचा कण १० सेंटिमीटर पाणी दहा-बारा सेकंदांत पार करून तळाला बसतो. १० मायक्रोमीटरच्या कणाला त्याच अंतराला अठरा-एकोणीस मिनिटं लागतात आणि १ मायक्रोमीटरच्या कणाला तीस तासांहून जास्त. व्यास दहापट कमी झाला की वेळ शंभरपट वाढतो. त्याहून लहान कण पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे हलत राहतात, बसायचं नावच घेत नाहीत. म्हणून ‘पंधरा मिनिटं ठेवा, बसलं तर निलंबन, नाही तर द्रावण’ असा जो नियम वह्यांमध्ये असतो तो माती असलेल्या पाण्यासाठी चुकीचा आहे. नदीचं पाणी हे एकाच वेळी निलंबन, कलिल आणि क्षारांचं द्रावण असतं.

मातीच्या बारीक कणांवर ऋणभार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर ठेवतात, म्हणून ते गोळा होत नाहीत. तुरटीतला ॲल्युमिनिअम आयन तीन धनभारांचा. तो हा ऋणभार निष्प्रभ करतो. शिवाय पाण्यात ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके तयार होतात आणि ते बारीक कणांना गुंडाळून खाली नेतात. मिठाच्या एका भाराच्या सोडिअम आयनानेही हेच घडू शकतं, पण फार जास्त मीठ लागतं. समुद्राला मिळताना नदीचा गाळ मुखाशी साचतो त्यामागचं एक कारण हेच.

वर्गात मोजून करायचं असेल तर १ ग्रॅम तुरटी १०० मिलीलिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या १ मिलीलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी येते. एकेक लिटर गढूळ पाण्याच्या पाच बाटल्या घ्या आणि त्यांत अनुक्रमे ०, १, ३, ५ आणि २० मिलीलिटर घाला. पहिलं मिनिटभर जोरात ढवळा, म्हणजे तुरटी सगळीकडे पोचेल. नंतर दहा मिनिटं अगदी सावकाश, म्हणजे पुंजके जुळतील. मग अर्धा तास हात लावू नका. बहुतेक वर्ग इथेच चुकतात. शेवटपर्यंत जोरात ढवळत राहिलं की जुळलेले पुंजके पुन्हा तुटतात. कोणत्या बाटलीत सर्वांत स्वच्छ पाणी मिळतं ते त्या दिवसाच्या गढूळपणावर अवलंबून असतं. २० मिलीलिटरची बाटली सर्वांत चांगली ठरेलच असं नाही. तुरटी जास्त झाली की पाणी आम्लधर्मी होतं आणि कणांवर उलटा भार येऊन ते पुन्हा तरंगू शकतात.

निवळलेलं पाणी जंतुरहित नसतं. पिण्याआधी ते उकळायला हवं.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट असतं. बाळ एवढं पीत नाही म्हणून आया पाव पाकीट एका पेल्यात घालतात. चालेल का?
*– आशा सेविका, पालघर जिल्हा*

नको. पूर्ण पाकीट एकदम एक लिटर पाण्यातच विरघळवावं.

पाकिटातली पूड चार घन पदार्थांचं मिश्रण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरसाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम, एकूण २०.५ ग्रॅम. डोळ्यांना ती एकसारखी पांढरी दिसते, पण दाण्यांचं माप आणि जडपणा वेगवेगळा असतो. चिवड्याचा डबा हलवत नेला की शेंगदाणे वर आणि चुरा तळाशी जातो, तेच पाकिटात ट्रकमधल्या प्रवासात होऊ शकतं. वरच्या पाव भागात मिठाचा बरोबर पाव वाटा येईल याची खात्री देता येत नाही. त्यात ‘पाव’ अंदाजाने आणि ‘पेला’ही अंदाजाने.

पूर्ण पाकीट एक लिटरमध्ये विरघळलं की ते समांगी द्रावण होतं. मग त्यातला चमचा घ्या किंवा पेला, प्रमाण तेच: लिटरमागे ७५ मिलिमोल सोडिअम आणि ७५ मिलिमोल ग्लुकोज. आतड्यात हे दोन्ही बरोबर शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं, म्हणून ही जोडी इतकी काटेकोर ठेवली आहे. पाणी कमी पडलं तर द्रावण खारट होऊन बाळाच्या रक्तात सोडिअम वाढण्याचा धोका असतो. पाणी जास्त झालं तर औषधाचा उपयोगच कमी होतो.

पाणी आधी उकळून गार केलेलं असावं. पूड घातल्यावर पुन्हा उकळू नये, कारण पाणी वाफ होऊन जातं आणि प्रमाण बदलतं. तयार द्रावण झाकून ठेवून २४ तासांत संपवावं, उरलेलं टाकून द्यावं. वाया जातं म्हणून आयांना जीव तुटतो हे खरं आहे. त्यासाठी २०० मिलीलिटर पाण्याची छोटी पाकिटंही मिळतात, ती मागवता येतात का पाहा. पाकीट नसेलच तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट हवा, शिगोशीग नव्हे.

वाळू, मीठ आणि नवसागर वेगळे करण्याच्या प्रयोगात ५ ग्रॅम मिश्रणातून तिन्ही घटक मिळून कधी ४ ग्रॅम भरतात, कधी साडेपाच. कुठे चुकतं?
*– प्रयोगशाळा सहायक, अहिल्यानगर*

क्रम बरोबर असेल तर चुका ठरलेल्या जागीच होतात.

क्रमाबद्दल आधी. नवसागर (अमोनिअम क्लोराइड) आधी संप्लवनाने, म्हणजे तापवून थेट वाफ करून, काढायचा. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम आणि नवसागर सुमारे ३७ ग्रॅम विरघळतो. इतका जवळचा आकडा असताना पाण्याने त्यांना वेगळं करणं शक्य नाही. आधी पाणी घातलं की प्रयोग तिथेच संपला.

मिश्रण अगदी कोरडं हवं. चिनी मातीच्या बशीत पसरून वर नरसाळं उलटं ठेवा, नळीत कापसाचा सैल बोळा घाला आणि नरसाळ्यावर बाहेरून ओलं फडकं गुंडाळा. आच मंद. ज्योत मोठी केली तर वाफा थंड व्हायला वेळ मिळत नाही आणि नवसागर पांढऱ्या धुरासारखा कापसातून बाहेर जातो. ४ ग्रॅमच भरतात तेव्हा हरवलेला १ ग्रॅम बहुधा इथेच जातो. मिश्रण दमट असेल तर वाफेचं पाणी नरसाळ्यात जमतं आणि चिकटलेला नवसागर त्यात विरघळून परत बशीत टपकतो. थंड झाल्यावर कोरड्या पात्याने खरवडा.

नवसागर पूर्ण गेला का हे तपासायचं असेल तर उरलेल्यातला चिमूटभर भाग घेऊन त्यात चुन्याची निवळी घाला आणि किंचित गरम करा. अमोनियाचा उग्र वास आला तर अजून शिल्लक आहे. वास हाताने नाकाकडे ढकलून घ्यावा.

मग २० मिलीलिटर पाणी. २ ग्रॅम मिठाला साडेपाच-सहा मिलीलिटर पुरतं, तरी २० घ्या. गाळताना आधी वरचं पाणी ओता, वाळू शेवटी. वाळू दोनदा ५-५ मिलीलिटर पाण्याने धुवायलाच हवी. वाळूच्या कणांमध्ये अडकलेलं खारट पाणी तसंच राहिलं तर मीठ कमी भरतं आणि वाळू जास्त, आणि बेरीज बरोबर आल्यामुळे चूक लक्षातही येत नाही. द्रावण आटवताना शेवटी मीठ तडतडून उडतं. लगदा झाला की ज्योत काढा आणि उरलेलं उकळत्या पाण्याच्या भांड्यावर बशी ठेवून सुकवा.

साडेपाच ग्रॅम भरले याचा अर्थ एकच, काहीतरी ओलं वजन केलं. वाळू किंवा मीठ पुन्हा तापवा, गार करा, वजन घ्या. दोन वजनं सारखी येईपर्यंत हे करा. नवसागराऐवजी कापूर वापरणाऱ्यांनी उघड्या ज्योतीवर प्रयोग करू नये, कापूर पेटतो.

सगळे मिश्रधातू समांगी असतात का?
*– वाचक, पुणे*

शालेय उत्तर ‘हो’. खरं उत्तर, प्रमाणावर अवलंबून. तांब्यात साधारण ३५ टक्क्यांपर्यंत जस्त घातलं तर जस्ताचे अणू तांब्याच्याच स्फटिकरचनेत सामावतात आणि पितळ एकाच प्रावस्थेचं राहतं. ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त अशा पितळेत मात्र दोन प्रावस्था शेजारीशेजारी असतात. पृष्ठभाग घासून आरशासारखा करून फेरिक क्लोराइडच्या विरल द्रावणाने हलकेच चरवला की सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेगळ्या दिसतात. घंटेचं कांसं, जुनं शिसं-कथलाचं झाळण, साधं पोलादसुद्धा या दुसऱ्या गटात. २२ कॅरट सोनं साधारणपणे एकाच प्रावस्थेचं असतं.

बारावीनंतर धातुशास्त्राकडे जाणाऱ्यांनी जुनं उत्तर विसरावं. बाकीच्यांनी परीक्षेत ‘समांगी’ लिहावं.

गुलाबजामच्या पाकात दुसऱ्या दिवशी तळाला साखर बसते. पाक समांगी असेल तर साखर वेगळी का होते?
*– वाचक, बेळगाव*

गरम असताना तो समांगीच होता. १०० ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे २०० ग्रॅम साखर मावते, १०० अंशाला जवळजवळ ४९०. तुम्ही पाक आटवत १०० ग्रॅम पाण्याला ३०० ग्रॅमपर्यंत नेलात तर गार झाल्यावर १०० ग्रॅम साखर जादा ठरते. ती लगेच बाहेर पडत नाही. अशा अतिसंपृक्त, म्हणजे मावते त्याहून जास्त साखर असलेल्या, द्रावणाला एखादा न विरघळलेला दाणा मिळाला की त्याभोवती स्फटिक वाढू लागतात. म्हणून कडेला चिकटलेली साखर ओल्या ब्रशने पाकात उतरवा आणि उकळी येऊन गेल्यावर ढवळू नका. लिंबाचे चार थेंब उकळतानाच घालावेत. आम्लामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि ते स्फटिकांची मांडणी बिघडवतात. गार झाल्यावर पिळलेल्या लिंबाने फक्त चव येते.

बोर्डो मिश्रण कधी छान निळं, लोण्यासारखं होतं, कधी लगेच फाटल्यासारखं होऊन तळाला बसतं. प्रमाण तेच असतं. कारण काय?
*– द्राक्ष बागायतदार, तासगाव*

प्रमाण तेच असलं तरी एकत्र करण्याची रीत बदलते, आणि या मिश्रणात सगळं रीतीवर आहे.

बोर्डो या बुरशीनाशकातले मोरचूद आणि चुना एकत्र आल्यावर फक्त मिसळत नाहीत, त्यांची रासायनिक क्रिया होते आणि तांब्याचा न विरघळणारा निळा क्षार तयार होतो. तो पाण्यात अतिशय बारीक, लिबलिबीत कणांच्या रूपात तरंगतो. पानावर पातळ थर बसून तो टिकला तरच तांबं हळूहळू सुटत राहतं आणि केवडा हा द्राक्षावरचा रोग रोखला जातो. कण भरड झाले की ते तळाला बसतात, पानाला चिकटत नाहीत, नोझल मात्र नक्की बुजवतात. फ्रान्समधल्या बोर्डोजवळच्या बागांत चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेली रोगातून वाचतात हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला.

एक टक्क्याच्या १०० लिटरसाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. मोरचूद रात्रीच ५० लिटर पाण्यात कापडाच्या पुरचुंडीत टांगून ठेवा. पुरचुंडी वरच्या बाजूला असली की विरघळलेलं जड द्रावण खाली जातं आणि नवं पाणी लागत राहतं. तळाशी टाकलेले खडे सकाळपर्यंत तसेच सापडतात. चुन्यावर आधी थोडं थोडं पाणी घालून तो फुलू द्या. तो खूप तापतो, डोळे सांभाळा. गार झाल्यावर पाणी वाढवून ५० लिटर करा आणि बारीक जाळीतून गाळा. मग दोन माणसांनी दोन्ही द्रावणं सारख्या धारेने तिसऱ्या पिंपात ओतायची आणि तिसऱ्याने सतत ढवळायचं. एकच माणूस असेल तर मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओता, उलट नको. दोन्ही द्रावणं विरल आणि गार असली की कण बारीक होतात. दाट द्रावणं आधी एकत्र करून मागाहून पाणी वाढवणं किंवा चुना गरम असतानाच ओतणं, तुमच्या फाटण्यामागे बहुधा यातलंच एक कारण आहे. पिंप प्लास्टिकचं घ्या. लोखंडावर तांबं चढतं, भांडं खातं आणि औषधातलं तांबं कमी होतं.

दुसरं कारण जुना चुना. उघड्या पोत्यात पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन निकामी होत जातो. वजन १ किलो भरतं, जोर नसतो. म्हणून दर वेळी चाचणी करा. घासून चकचकीत केलेला लोखंडी सुरा मिश्रणात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे आणि असं औषध पानं जाळेल. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत पुन्हा तपासा. निळा लिटमस तांबडा होता कामा नये.

तयार मिश्रण त्याच दिवशी वापरा. ठेवून दिलं की बारीक कणांचे मोठे स्फटिक होत जातात आणि ते पुन्हा ढवळून बारीक होत नाहीत. फवारणी चालू असतानाही पंपातलं ढवळणं थांबवू नका, नाहीतर पहिल्या ओळींना तळातलं दाट औषध जातं आणि शेवटच्या ओळींना निळसर पाणी. पंप सोडताना जाळी, नळी आणि नोझल साध्या पाण्याने धुवून काढा. थर वाळला की टाचणीनेसुद्धा निघत नाही.